वर्दीची पॅन्ट कोणी निवडावी?

बंदोबस्तावर उभा असलेला पोलीस दिसला, की आपली नजर आधी टोपीकडे जाते, मग खांद्यावरच्या फितीकडे आणि मग हातातल्या काठीकडे. अग्निशमन दलाच्या जवानाचं हेल्मेट आपल्या लक्षात राहतं. रुग्णवाहिकेतल्या माणसाचं जॅकेट लक्षात राहतं. पॅन्टकडे मात्र कोणी पाहत नाही. खरं तर या मंडळींचं निम्मं शरीर त्या पॅन्टमध्ये असतं, आणि तेही सणावाराच्या दिवसांत सलग दहा-बारा तास. त्या पॅन्टमध्ये धावायचं असतं, भिंत चढायची असते, जखमी माणसाजवळ गुडघे टेकून बसायचं असतं, जीपमध्ये तासन् तास अवघडून बसायचं असतं. म्हणून आज या पॅन्टबद्दलच बोलू. विषय साधा वाटेल, पण निवड चुकली तर कातडी सोलवटण्यापासून ते भाजण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या खाकीपासून करू. ‘खाक’ हा फारसी शब्द, त्याचा अर्थ धूळ, माती. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि तिच्या शिपायांना त्या मुलखातल्या मातीच्या रंगाचे कपडे दिले. कारण अगदी व्यवहारी होतं. पांढरे कपडे धुळीत मळतात आणि दुरून शत्रूला दिसतात. मातीच्या रंगाचे कपडे मळले तरी मळके वाटत नाहीत. पुढं हा रंग सैन्यात पसरला, पोलिसांत आला आणि आपल्याकडे तर ‘खाकी’ म्हणजेच पोलीस, असं समीकरण होऊन बसलं. लक्षात घ्या, की हा पोशाख ठरवताना पहिला प्रश्न विचारला गेला तो कामाचा होता. माणूस कुठं उभा राहणार, त्याच्या अंगावर काय उडणार, त्याला कोण पाहणार? दिखाऊपणा नंतर आला.

जुन्या चित्रपटांतला अर्ध्या चड्डीतला हवालदार तुम्हाला आठवत असेल. शिपायाला अर्धी चड्डी आणि वरच्या अधिकाऱ्याला पूर्ण पॅन्ट, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी असायची. अर्ध्या चड्डीला कापड कमी लागतं, उन्हाळ्यात ती बरी वाटते, हे खरं. पण काट्याकुट्यांतून पळताना, काचांच्या सड्यातून वाट काढताना पोटऱ्या उघड्या राहतात. शिवाय पन्नाशीच्या माणसानं शाळकरी मुलासारखी चड्डी घालून लोकांना दरडावायचं, यात त्याच्या मानाचाही प्रश्न होता. म्हणजे पॅन्टची लांबी हासुद्धा कोणीतरी वर बसून घेतलेला निर्णय असतो, आणि तो निर्णय पायावर वागवावा लागतो दुसऱ्यालाच.

आता कापडाकडे येऊ. पूर्वी वर्दी म्हणजे जाड सुती ड्रिल. खळ घालायची, कडक इस्त्री करायची, आणि दुपारपर्यंत गुडघ्यावर चुण्या पडायच्या. मग टेरिकॉट आलं, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण. घरातल्या बायकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. इस्त्रीची घडी मोडत नाही, कापड रात्रीत वाळतं, रंग लवकर विटत नाही, आणि जोड टिकतोही अधिक. ज्याला स्वतःच्या तुटपुंज्या भत्त्यातून वर्दी शिवून घ्यायची असते त्याला हे गुण नकोत कसे असतील?

पण या गुणांची किंमत अंगाला मोजावी लागते. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा जेमतेम अर्धा टक्का धरतो. म्हणजे वैशाखात चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या मांडीवरचा घाम दाट विणीचं पॉलिएस्टर टिपून घेत नाही. घाम तिथंच राहतो, कापड चिकटतं, घासतं आणि जांघेत पुरळ उठतं, कातडी सोलवटते. ही तक्रार कोणी साहेबांपुढं उभं राहून सांगत नाही. सांगायची लाज वाटते. म्हणून ती कागदावर कधी येत नाही आणि खरेदी करणाऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाही.

याहून गंभीर प्रश्न आगीचा आहे. दिवाळीत फटाके उडवताना मुलांना सुती कपडे घाला, असं आपण दरवर्षी ऐकतो. त्यामागचं शास्त्र असं, की सूत जळतं, त्याचा कोळसा होतो, राख होते. पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला आणि नायलॉन, त्याच्या प्रकाराप्रमाणे, २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं. वितळलेला हा तापता रस कातडीला चिकटतो आणि ओढून काढताना कातडीही सोबत येते. २००६ मध्ये इराकमधल्या अमेरिकन मरीन सैनिकांना तळाबाहेर जाताना पॉलिएस्टर-नायलॉनचे घाम सुकवणारे बनियन घालायला मनाई करण्यात आली, ती याच कारणासाठी. रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांच्या ज्वाळेत हे कपडे अंगावरच वितळत होते.

मग मिश्रण घेतलं की निम्मा धोका कमी होईल, असं तुम्ही म्हणाल. दुर्दैवानं तसं होत नाही. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र जळतात तेव्हा सुताचा सांगाडा दिव्याच्या वातीचं काम करतो आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्या वातीला तेल पुरवतं. शुद्ध पॉलिएस्टर वितळून ज्वाळेपासून मागं आकसतं, थेंब होऊन गळून तरी पडतं. मिश्रणात ते वातीला धरून जळत राहतं. दंगलीत पेटता टायर किंवा पेट्रोलची बाटली अंगावर येण्याचा प्रसंग ज्याच्या वाट्याला येऊ शकतो, त्याच्या पॅन्टचं कापड निवडताना ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

आगीच्या बाबतीत पॅन्टनं किती फरक पडतो, याचा एक मोजून पाहिलेला दाखला न्यूयॉर्कचा आहे. तिथले अग्निशमन जवान वर्षानुवर्षं गुडघ्यापर्यंतचा जाड कोट आणि मांडीपर्यंत ओढायचे रबरी बूट घालून आगीत शिरत. आतली पॅन्ट साधीच असे. कोटाची कड आणि बुटाची कड यांच्यामध्ये, वाकलं की, गुडघ्यावर चढलं की, फट राही. २८ मार्च १९९४ रोजी मॅनहॅटनमधल्या वॉट्स स्ट्रीटवरच्या एका इमारतीत जिन्यात असलेल्या तीन जवानांना ज्वाळांनी गाठलं आणि तिघांचाही त्यात अंत झाला. त्याच वर्षापासून त्या दलात ‘बंकर’ पद्धतीचा पोशाख सर्रास दिला जाऊ लागला. त्यात कोटासोबत तितकीच भक्कम पॅन्टही असते. पुढं त्या दलाच्या डॉक्टरांनी आधीच्या आणि नंतरच्या जखमांची तुलना केली. पायांच्या भाजण्यात ८५ टक्के घट झाली होती आणि हातांच्या भाजण्यात ६५ टक्के. माणसं तीच, शहर तेच. बदलला होता तो पोशाख.

ही बंकर पॅन्ट म्हणजे तीन थरांचं बांधकाम असतं. बाहेरचा थर अ‍ॅरामिड जातीच्या धाग्याचा. तो वितळत नाही, आच फार वाढली तर करपतो. मधला थर पाणी आणि रसायनं आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर सोडतो. आतला थर उष्णता अडवतो. कमरेला घट्ट पट्टा आवळण्याऐवजी खांद्यावर गॅलिस असतात, म्हणजे वजन कमरेवर पडत नाही. घंटा वाजायच्या आधीच ही पॅन्ट बुटांवर दुमडून उभी ठेवलेली असते. जवान थेट बुटांत पाय घालतो, पॅन्ट वर ओढतो आणि गाडीत चढतो. अर्थात ही पॅन्ट जड आणि उष्ण असते. मुंबईच्या दमट हवेत ती घालून पाच मजले चढणं म्हणजे शिक्षाच. म्हणून ती आगीपुरतीच वापरायची आणि एरवी ठाण्यावर हलकी सुती किंवा न वितळणाऱ्या धाग्याची पॅन्ट घालायची, अशी दोन पॅन्टींची व्यवस्था असावी लागते.

आता अगदी उलटी परिस्थिती पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान कमरेएवढ्या पाण्यात लोकांना हात देत होते. अशा वेळी जाड सुती पॅन्ट पाणी पिऊन पायात ओझ्यासारखी लोंबते, दिवसभर वाळत नाही आणि मांड्यांना घासून जखमा करते. त्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. या रोगाचे जंतू घाणेरड्या पाण्यातून येतात आणि शरीरात शिरायला त्यांना लहानशी खरचटही पुरते. म्हणजे आगीसमोर जे सूत गुणाचं ठरलं तेच पुरात अवगुणाचं, आणि पुरात लवकर वाळणारं कृत्रिम कापड आगीत घातक. सर्व कामांना चालेल अशी एकच पॅन्ट अजून कोणी विणलेली नाही. म्हणून निवडीची सुरुवात कापडाच्या दुकानात होत नाही. हा माणूस वर्षातले बहुतेक दिवस काय करतो आणि त्याच्यावर ओढवू शकेल असा सर्वांत वाईट दिवस कोणता, या दोन प्रश्नांपासून ती व्हायला हवी.

कापडानंतर बेतणी. आपले शिंपी ज्याला ‘आसन’ म्हणतात, तो पॅन्टचा सर्वांत महत्त्वाचा भाग. मापं घेताना माणूस ताठ उभा असतो, पण नोकरीत तो क्वचितच तसा उभा असतो. आसन आखूड असलं, की जीपमध्ये चढताना शिवण उसवते, आणि उकिडवं बसलं की पॅन्ट मागून घसरते, शर्ट बाहेर येतो. याला उपाय जुनाच आहे. आपल्या सलवारीला आणि पायजम्याला जशी कळी लावतात, तशी दोन पायांच्या सांध्यात कापडाची एक चौकट बसवायची. चार शिवणी एका बिंदूत येण्याऐवजी ताण चारी बाजूंना वाटला जातो. परदेशातल्या पोलिसी पॅन्टींत आज ही कळी असते. गुडघ्यावरही दोन चिमट्या घालून कापडाला आधीच थोडा बाक देतात, म्हणजे पाय वाकवताना कापड ओढलं जात नाही. शिवण दुहेरी आणि खिशांच्या तोंडाशी, पट्ट्याच्या लूपांशी आडवे घट्ट टाके हवेत. पॅन्ट फाटते ती बहुधा तिथूनच.

खिशांचंही असंच. अमेरिकन पोलिसांच्या पॅन्टला मांडीच्या मागच्या बाजूला दोन अरुंद उभे खिसे असतात. ते मुळात चामड्यात शिसं भरलेला छोटा सोटा ठेवण्यासाठी होते. तो सोटा बहुतेक ठिकाणी बंद झाला, पण खिसा राहिला, आणि आता त्यात बॅटरी ठेवतात. रुग्णवाहिकेवरच्या माणसाला मांडीवर मोठे खिसे लागतात, कारण तो जमिनीवर गुडघे टेकून बसलेला असतो आणि कात्री, हातमोजे, पट्ट्या त्याला त्या अवस्थेत हाताशी हव्या असतात. पण पळत्या चोरामागे धावणाऱ्याच्या मांडीवरचा भरलेला खिसा दर पावलाला गुडघ्यावर आपटतो. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून दिवसभर गाडी चालवली तर कंबर एका बाजूला कलते आणि पाठ धरते. खिसे किती, याहून ते कुठं आहेत आणि बसल्यावर हात पोचतो का, हे पाहावं.

कमरेच्या पट्ट्याकडे तर वैद्यकीय नजरेनंच पाहायला हवं. पिस्तूल, बेड्या, वायरलेस संच असा सगळा संसार कमरेवर बांधला, की काही किलोंचं ओझं होतं. पट्टा आवळला, की जांघेजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस दाबली जाते आणि तिथं मुंग्या येतात, आग होते, बधिरपणा येतो. डॉक्टरांना हा विकार चांगला ओळखीचा आहे आणि जड पट्टा बांधणाऱ्या पोलिसांमध्ये तो दिसतो. रुंद कंबरपट्टी, बाजूला थोडं ताणलं जाणारं इलॅस्टिक आणि मजबूत, जवळजवळ लावलेले लूप एवढ्यानंही वजन वाटलं जातं आणि पट्टा कमी आवळावा लागतो.

महिला पोलिसांची अडचण आणखी वेगळी. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे आणि पोलीस दलात आज हजारो मुली आहेत. पुरुषाच्या पॅन्टचा लहान नंबर म्हणजे बाईची पॅन्ट नव्हे. कंबर बेताची निवडली तर नितंबांवर घट्ट होते, नितंबांना बेतानं निवडली तर कमरेला सैल. आसनाची लांबी वेगळी, मांडीचा घेर वेगळा. त्यात बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृह दूर असतं, आणि असलं तरी पट्टा, हूक, खोचलेला शर्ट सगळं सोडून पुन्हा चढवायला वेळ लागतो. म्हणून कितीतरी जणी ड्यूटीवर पाणीच पीत नाहीत, आणि त्याचे परिणाम मूत्रमार्गाच्या विकारांच्या रूपानं दिसतात. चटकन सुटेल आणि चटकन लागेल अशी कंबरपट्टी, गडद रंग आणि पुरेसे खोल खिसे या मागण्यांना चोचले म्हणता येणार नाही. आरोग्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

रात्री महामार्गावर काम करणाऱ्यांसाठी एक सोपी, स्वस्त गोष्ट सांगतो. १९७३ मध्ये गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त काही ठिपके चमकत असले, तरी ते हलू लागताच पाहणाऱ्याला क्षणात ‘हा माणूस चालतोय’ हे कळतं. पुढं वाहनचालकांवर प्रयोग झाले. चमकणारं जॅकेट एकटं असेल तर चालकाला काहीतरी चमकताना दिसतं, पण तो खांब आहे, फलक आहे की माणूस, हे उशिरा कळतं. गुडघ्याशी आणि घोट्याशी चमकत्या पट्ट्या असल्या तर ते बऱ्याच अधिक अंतरावरून ओळखू येतं. पॅन्टच्या खालच्या टोकाला दोन बोटं रुंदीची पट्टी शिवायला खर्च असा कितीसा येतो? अपघातग्रस्त गाडीजवळ वाकून काम करणाऱ्याचा जीव त्या पट्टीवर अवलंबून असू शकतो.

पॅन्ट धुण्याचाही विचार खरेदीच्या वेळीच करावा लागतो. रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या पॅन्टवर रक्त पडतं. अग्निशमन जवानाच्या पॅन्टमध्ये काजळी मुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम हे कर्करोगाला कारण ठरणारं असल्याचं नोंदवलं, आणि या कामात धुराची काजळी कपड्यांवरून अंगाला लागत असते. तीच पॅन्ट घरी नेऊन मुलांच्या कपड्यांसोबत बादलीत भिजवली तर धोका घरापर्यंत पोचतो. म्हणून प्रत्येकाला किमान दोन-तीन जोड हवेत आणि मळलेला जोड कामाच्या ठिकाणीच धुण्याची सोय हवी. कापडही असं हवं, की गरम पाण्याच्या धुलाईत आटणार नाही. धुतल्यावर एक इंच आखूड होणारी पॅन्ट नवी असताना कितीही रुबाबदार दिसली तरी उपयोग काय?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणातल्या सूरजकुंडला भरलेल्या चिंतन शिबिरात पंतप्रधानांनी देशभरातल्या पोलिसांसाठी ‘एक देश, एक वर्दी’ ही कल्पना विचारासाठी मांडली. त्यावर चर्चा झाली ती बहुतेक रंगाची आणि ओळखीची. रंग एक असायला हरकत नाही, पण राजस्थानच्या वाळवंटातला, कोकणच्या पावसातला आणि लडाखच्या थंडीतला पोलीस एकाच कापडात कसा राहील? रंग एक ठेवून कापड कामाप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे बदलता येतं.

मग खरेदी कशी करावी? निविदेत ‘चांगल्या प्रतीची खाकी पॅन्ट’ एवढं लिहून सर्वांत कमी दर मंजूर केला, की सर्वांत स्वस्त कापड येणार हे उघड आहे. त्याऐवजी धाग्यांचं प्रमाण, कापडाचं वजन, पाच धुलाईंनंतर किती आटेल, रंग किती टिकेल, शिवणीला किती ताण सोसेल, हे आकड्यांत लिहावं आणि आलेला माल तपासून घ्यावा. किंमतही पॅन्टवर न मोजता महिन्यांवर मोजावी. चारशे रुपयांची पॅन्ट चार महिन्यांत विटली आणि नऊशेची पॅन्ट वर्षभर टिकली, तर महाग कोणती?

सर्वांत महत्त्वाची चाचणी मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत होत नाही. नमुन्याच्या पंचवीस-तीस पॅन्टी वेगवेगळ्या वयाच्या, बांध्याच्या स्त्री-पुरुषांना महिनाभर वापरायला द्याव्यात. बूट आणि पट्टा घालून त्यांना जिने चढायला, उकिडवं बसायला, ट्रकच्या पायरीवर पाय टाकायला, धावायला सांगावं. मग नाव न लिहिता त्यांचं म्हणणं कागदावर घ्यावं. जांघेतल्या पुरळाची, न पोचणाऱ्या खिशाची आणि न प्यालेल्या पाण्याची तक्रार तेव्हाच कळेल. ज्याला ती पॅन्ट घालून रात्र काढायची आहे, त्याचं मत निविदेच्या फायलीत पहिल्या पानावर असावं. एवढं झालं, तरी बाकीची पानं बरीचशी आपोआप सुधारतील.